कॅमेरा कपाटात ठेवलास, त्याविषयी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तराला बसणार होतो, पण मुद्दाम थांबलो. ‘आता काही सुचत नाही, जे काढायचं ते काढून झालं, कॅमेरा कपाटात ठेवून दिलाय’ असं तू लिहिलंस. लगेच लिहिलं असतं तर नुसता धीर देत बसलो असतो, आणि तुला धीर नकोय. इतकी वर्षं जे केलं त्याचं पुढे काय, हे तुला विचारायचंय. हा प्रश्न मलाही पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कपाटाचं. ते मनाला लावून घेऊ नकोस. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं १९७०च्या दशकात फोटोग्राफी जवळजवळ सोडली आणि तो रेखाटनाकडे वळला. त्याची सुरुवात चित्रकलेतूनच झाली होती. २००४ साली तो गेला, तोवरची बरीच वर्षं त्यानं कागद-पेन्सिलीतच घालवली. त्याची नजर आटली होती असं कोण म्हणेल? तुझीही आटलेली नाही. त्याच पत्रात पुढे तू दवाखान्यातल्या बाकावर सरकत गेलेल्या उन्हाबद्दल लिहिलंयस. आधी बाकाच्या पाठीवर, मग शेजारच्याच्या मांडीवरच्या फाइलवर, मग फरशीवर. ज्याचं बघणं संपलंय त्याला हे दिसत नाही रे.

आता सुचण्याबद्दल. मला वाटतं आपण दोघंही खूप वर्षं एका गोष्टीवर विश्वास ठेवून होतो, की आधी कल्पना सुचते, मग प्रोजेक्ट ठरतो आणि मग फोटो काढले जातात. निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराच्या चार बहिणींच्या त्या प्रसिद्ध मालिकेची हकिकत वाचली आणि माझा हा विश्वास पार ढळला. १९७५ साली त्यानं आपल्या बायकोचा आणि तिच्या तीन बहिणींचा एक फोटो काढला. तेव्हा त्यामागे काही योजना नव्हती. पुढच्या वर्षी एका बहिणीच्या पदवीदानाच्या वेळी त्यानं चौघींना पुन्हा त्याच क्रमानं उभं केलं, आणि दुसरा फोटो पहिल्याशेजारी आल्यावर दर वर्षी एक काढायचं ठरलं. हे २०२२पर्यंत चाललं. तोच क्रम, तोच आठ बाय दहा इंच निगेटिव्हचा भलाथोरला कॅमेरा. पहिल्या फोटोत चार तरुण मुली आहेत, बस. वय वाढणं, एकमेकींना बिलगणं, एखाद्या वर्षी एकीनं जरा दूर उभं राहणं, हे सगळं नंतरच्या फोटोंनी त्या पहिल्या फोटोत आणून भरलं. तो विषय १९७५मध्ये निक्सनला सुचणं शक्यच नव्हतं, कारण तो तेव्हा घडलेलाच नव्हता.

रिकाम्या खुर्च्यांच्या फोटोंची माझी जी मालिका आहे, तिचं असंच झालं. तुला आठवत असेल, सुरुवातीला मला फक्त आकार हवा होता. कडक ऊन, पायांच्या लांब सावल्या, काळं-पांढरं, स्वच्छ. कुणी बसलेलं असलं तर ते उठून जाईपर्यंत मी थांबायचो. काही वर्षांनी सावल्या मागे पडल्या आणि मी बैठकीकडे बघायला लागलो. वेत कुठे सैल झालाय, खुर्चीच्या हातांचं पॉलिश कुठल्या बाजूचं आधी गेलंय, तुटलेला पाय कशानं बांधलाय. ही खुर्ची वापरणारा माणूस डावीकडे रेलून बसतो, हे त्याला न पाहता कळायला लागलं. मग ऊन नकोसं झालं, ढगाळ दिवस बरे वाटायला लागले, कारण झिजलेल्या लाकडाचा पोत सौम्य उजेडातच नीट येतो. आता तर मी माणूस उठून जाण्याची वाट बघत नाही, त्यालाच विचारतो, बसलेला असतानाच काढू का म्हणून. मालिका तीच, पण सुरुवातीचे आणि आत्ताचे प्रिंट शेजारी ठेवले तर वाटावं दोन वेगळ्या माणसांनी काढलेत. एके काळी हे मला खटकायचं, सलगपणा हवा असं वाटायचं. आता वाटतं तो बदल हाच त्या मालिकेचा कणा आहे. ती एकसारखी ठेवायची तर मला वर्षानुवर्षं बदलायलाच बंदी घालावी लागली असती.

तू तंत्र बदलल्याबद्दलही लिहिलंयस, की फिल्म गेली आणि हातातलं काहीतरी गेलं. खरं आहे. कोडॅक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म बनवणं २००९मध्ये थांबलं आणि २०१० संपता संपता ती धुणाऱ्या शेवटच्या लॅबनंही काम बंद केलं, तेव्हा मलाही घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं. ते लाल आणि तसे गडद काळे मला परत कुठे मिळाले नाहीत. पण एक गंमत बघ. ज्या १९७५ साली निक्सननं तो पहिला फोटो काढला, त्याच वर्षी कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं. पुढे त्या बीजानं सगळा धंदाच उलटापालटा केला आणि २०१२ साली खुद्द कोडॅकला दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. त्या सगळ्या काळात निक्सन वर्षातून एकदा तोच कॅमेरा तिकाटण्यावर चढवत राहिला. डिजिटलवर गेलेले चुकले असं मी मुळीच म्हणणार नाही, मीही गेलो. रात्रीच्या उजेडात हातात कॅमेरा धरून आज जे जमतं ते फिल्मवर स्वप्नातही जमलं नसतं. फक्त, फिल्मबरोबर जो सक्तीचा उशीर होता तो गेला, आणि मला वाटतं तुला नेमकी त्याचीच चुटपुट लागलीय. फोटो काढणं आणि बघणं यांच्यामध्ये काही दिवस जायचे. आता मागच्या स्क्रीनवर लगेच बघतो आणि तिथल्या तिथे निकाल लावून मोकळे होतो.

अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड तर हा उशीर मुद्दाम वाढवायचा. रोल वर्ष वर्ष न धुता ठेवायचा, म्हणजे फोटो काढताना मनात काय होतं ते विसरलं जाईल आणि समोर फक्त फोटो राहील. १९८४मध्ये तो वारला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते. इतकं टोक मला झेपणार नाही, पण त्यामागचं कारण पटतं. हल्ली मी कार्ड रिकामं करतो आणि तो फोल्डर निदान एक ऋतू उघडत नाही. नंतर उघडला की ज्या फ्रेमसाठी जीव टाकला होता ती सपक वाटते, आणि सहज काढलेली एखादी धरून ठेवते.

‘सगळं काढून झालं’ या तुझ्या वाक्याशी मात्र माझं भांडण आहे. योसेफ सुडेक या चेक छायाचित्रकाराला पहिल्या महायुद्धात उजवा हात गमवावा लागला होता. १९४०मध्ये, प्रागवर जर्मनांचा ताबा असताना, बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं कठीण झालं तेव्हा त्यानं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९५४पर्यंत तो ते काढत राहिला. कधी काचेवर साचलेली वाफ, कधी ओघळणारे थेंब, बाहेर एक वाकडं झाड. त्यातलं एकही चित्र दुसऱ्याची नक्कल वाटत नाही. अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टननं फोटोंत एकामागून एक ढोबळ्या मिरच्याच काढल्या. १९३० साली त्यानं एक मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली, वळलेल्या पत्र्यावरून उजेड तिच्या बाजूंवर परतला आणि ती पाठ वळवलेल्या माणसासारखी दिसायला लागली. मिरच्या त्यानं आधीही काढल्या होत्या, पण उजेड असा परतवून बघायला त्याला तेवढ्या मिरच्यांमधून जावं लागलं. विषय संपतात यावर माझा विश्वासच नाही. आपण त्यांच्याकडे एकाच अंतरावरून बघत राहिलो की ते संपल्यासारखे वाटतात.

म्हणून तुझ्या जिन्यांच्या फोटोंबद्दल बोलायचंय. ते तू अर्धवट सोडलेस, ‘भूमितीच्या पुढे जात नाही’ म्हणून. तू दिलेला त्यातला एक प्रिंट माझ्याकडे आहे. जिना वळतो तिथे कठड्यावर फक्त एक हात आहे, बाकी माणूस फ्रेमबाहेर गेलाय. कठड्याचा रंग सगळीकडे शाबूत आहे, पण वळणाच्या त्या वीतभर जागी उडून आतलं लाकूड तेल लावल्यासारखं चकाकतंय, कारण वळताना प्रत्येक जण तिथेच हात टेकतो. ही भूमिती आहे? हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. खुर्च्यांनी डोळे तयार केले तेव्हा दिसलं. माझी खात्री आहे की तुझ्या बाकीच्या रोलमध्येही असे हात, असे घासलेले कोपरे असणार, आणि तू ते पायऱ्यांच्या रेषा बिघडवतात म्हणून बाजूला टाकले असशील.

दयानिता सिंग या भारतीय छायाचित्रकाराचं काम पाहिल्यापासून हे जास्तच डोक्यात आहे. ती आपले जुनेच फोटो लाकडी चौकटींमध्ये लावते, क्रम बदलते, शेजार बदलते, आणि दर वेळी त्यांतून वेगळंच काही उभं राहतं. नव्यानं काही काढायचं बळ नसेल तेव्हाही हे काम करता येतं, आणि माझ्या मते ते तितकंच खरं काम आहे. निदान हे तरी करून बघ.

तर एक काम कर. जिन्यांच्या सगळ्या कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलच्या छोट्या प्रिंटचे कागद, मला पाठव. निवडू नकोस, क्रम लावू नकोस. लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत तशाच राहू देत, तू काय ठेवलंस आणि काय टाकलंस दोन्ही मला बघायचंय. मी भिंगाखाली बघून माझी निवड वेगळ्या रंगात करतो आणि परत पाठवतो. मग आपण भांडू. खुर्च्यांचे नवे प्रिंट या पत्रासोबत ठेवतोय, त्यातला तिसरा मला अजून पटलेला नाही, तुझं मत हवंय.

बाकी भेटीअंती. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
खुर्च्यावाला