बारावी झालेल्या मुलांना लिहायला काय शिकवायचं?

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘बारावी झालेल्या मुलांना लिहायला काय शिकवायचं असतं? लिहिता येतं म्हणूनच पास झाली ना?’ माझा पुढचा तास होता, म्हणून ‘नंतर सांगते’ म्हणाले. फोनवर सांगून संपणारी ही गोष्ट नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. तुमच्या त्या प्रश्नामागे अजून एक प्रश्न आहे, की पोरगी कॉलेजात मराठी शिकवायच्या या तासिकेच्या नोकरीत किती वर्षं काढणार. त्याबद्दलही लिहिते, पण आधी पहिल्या प्रश्नाचं.

लिहिता येतं त्यांना. कित्येकांचं अक्षर तर माझ्यापेक्षा सुंदर आहे. पण शाळेची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं आपल्या वहीत उतरवलंय. गाईडमधला पाऊस नेहमी टपोऱ्या थेंबांनी येतो, मातीचा सुगंध दरवळतो आणि शेतकरी राजा सुखावतो. हाच पाऊस नाशिकरोडच्या मुलाच्या वहीत असतो आणि सुरगाण्याच्या मुलीच्याही. तिच्या पाड्यावरचा ओढा भरला की पलीकडे जायला वाट राहत नाही, घरात पेटवायला कोरडं लाकूड मिळत नाही. हे ती मला व्हरांड्यात उभी राहून इतकं छान सांगते! मग वहीत का नाही लिहिलंस, असं विचारलं तर म्हणते, ‘मॅडम, असलं लिहितात का पेपरात?’ माझं काम तिथून सुरू होतं.

एफवायच्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात आता फक्त आर्ट्‌सची मुलं नसतात. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर कॉमर्स आणि सायन्सवाल्यांनाही भाषेचा एखादा पेपर घ्यावा लागतो. वर्गात शंभरावर मुलं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतली, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत रात्रपाळी करून सकाळी तशीच वर्गात येऊन बसणारी. आपल्या सटाणा-कळवणकडची तर विचारूच नका, मधल्या सुट्टीत त्यांची अहिराणी ऐकली की मला घरी आल्यासारखं वाटतं.

यंदा पहिलाच स्वाध्याय दिला, ‘तुमच्या घरातलं एखादं काम असं लिहा, की वाचणाऱ्याला ते डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे.’ निफाडच्या एका मुलाने द्राक्षाच्या गोडी छाटणीवर, म्हणजे फळासाठी करतात त्या छाटणीवर, लिहिलं. पहिला खर्डा ‘शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे’ने सुरू होऊन ‘जय जवान जय किसान’वर संपत होता. मधे छाटणी कुठेच नव्हती. मी त्याच्या वहीत एकही लाल रेघ मारली नाही, समासात नुसते प्रश्न लिहिले. छाटणी कोणत्या महिन्यात? कात्री कुठे लावायची, हे कसं ठरवता? काडीवर किती डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, ठेवता? नंतर लगेच काय करता? दुसऱ्या खर्ड्यात बाग दिसायला लागली. ऑक्टोबरातलं ऊन आलं, काडी हातात धरून डोळे मोजणारे वडील आले, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायची पेस्ट आली. वाचून मी हरखून गेले.

मग मी वह्यांची अदलाबदल करायला सांगितली. एकमेकांचं वाचायचं, आणि ‘छान आहे’ असं न म्हणता एक प्रश्न विचारायचा. त्याची वही गेली त्याच सुरगाण्याच्या मुलीकडे. त्याचं वाक्य होतं, ‘छाटणीनंतर काडीला पेस्ट लावली जाते.’ तिने त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘कोण लावतं?’

तिची आई लावते, बाबा. दर ऑक्टोबरला त्यांच्या पाड्यावरची माणसं टोळीने निफाड-दिंडोरीकडे छाटणीला येतात. हातमोजे नसले, नाहीतर फाटके असले, तर त्या औषधाने हाताची कशी आग होते, हे तिला घरीच ठाऊक होतं. तिने ते वर्गात सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. वर्ग शांत होता. त्या मुलाचाही काही वाईट हेतू नव्हता, त्याला वाक्य तसंच लिहायची सवय लागली होती. ‘लावली जाते, केली जाते, तोडली जातात.’ पाठ्यपुस्तकं तसंच बोलतात, बातम्याही तसंच बोलतात. काम करणारं माणूस वाक्यातून कधी निघून गेलं, हे कुणाला कळतही नाही. त्याने तिसरा खर्डा लिहिला. त्यात टोळीतल्या बाया आल्या, त्यांची राहायची जागा आली, मुकादमाशी ठरलेला भाव आला, आणि वडिलांनी मोजे आणायला उशीर केला तो दिवसही आला. हे शेवटचं लिहायला काय लागतं, ते तुम्हाला सांगायला नको.

कर्मणी प्रयोग मी सातवीत शिकले, मार्कही पैकीच्या पैकी मिळाले होते. पण त्या प्रयोगात माणूस कसा झाकला जातो, हे मला त्या मुलीच्या दोन शब्दांनी दाखवलं. बारावी झालेल्या मुलांना हेच शिकवायचं असतं, बाबा. आपण लिहितो त्या वाक्यात कोण आहे आणि कोण राहून गेलं, हे बघायला.

शुद्धलेखनही शिकवते, तुम्ही काळजी करू नका. शासनाने १९६२ साली चौदा आणि १९७२ साली चार असे अठरा नियम मान्य केले आहेत, ते सगळे घेते. पण वहीच्या शेवटच्या फेरीत. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं म्हणून चौथीत ज्या मुलांना सगळे हसले, ती पुढे कमीत कमी लिहायला शिकतात. लिहिलंच नाही तर चूक होणार नाही, असा त्यांचा हिशेब असतो. त्यांना मी बहिणाबाई चौधरींचं सांगते. अक्षरओळख नव्हती, ओव्या तोंडात होत्या. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्या उतरवून ठेवल्या, आणि बाई गेल्यावर, १९५२ साली, त्यांचं पुस्तक निघालं. मुलं विचारतात, त्यांनी ‘शुद्ध’ करून का नाही छापलं? या प्रश्नावर एक अख्खा तास जातो आणि तो तास मला फार प्रिय आहे.

साहित्य शिकवतानाही अडचण तीच. कुसुमाग्रजांची ‘कणा’ सगळ्यांना तोंडपाठ. ‘कवितेतून काय संदेश मिळतो?’ असं विचारलं की शंभर जण एका सुरात म्हणतात, ‘संकटाशी लढण्याचा!’ आणि कविता तिथेच बंद होते. मी संदेश विचारायचंच सोडून दिलंय. मी विचारलं, या माणसाचं घर पुराने नेलंय, तरी तो नदीबद्दल माहेरी आलेल्या लेकीबद्दल बोलावं तसं का बोलतो? चिडत का नाही? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गोदाकाठच्या जुन्या वाड्यात राहणारा एक मुलगा उठला. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की त्यांच्या घरातली माणसं नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत बसतात. पाणी मारुतीच्या कुठवर आलं, त्यावरून सामान वर चढवायचं की नाही हे ठरतं. तो म्हणाला, ‘आजी गोदावरीला, आमच्या गंगेला, शिव्या कधीच देत नाही, मॅडम. पाणी ओसरलं की ओटी भरायला जाते. चिडते ती आमच्यावर, गाद्या वेळेत वर नेल्या नाहीत म्हणून.’ कवितेवर मी इतकी टिपणं काढली, पण यातलं एकही माझ्याकडे नव्हतं. मग वर्गातली निम्मी मुलं बोलायला लागली. एक जण म्हणाली, मला तर त्या माणसाचा राग येतो, त्याने सर देत होते ते पैसे घ्यायला हवे होते. तिच्याशी वाद झाला, आणि मी तो मिटवला नाही.

हल्ली काही जण मोबाईलवरच्या एआयकडून निबंध लिहून आणतात. मी ओरडत नाही. तो निबंध वर्गात मोठ्याने वाचायला लावते आणि विचारते, यातलं तुझ्या गल्लीतलं काय आहे? त्याला उत्तर नसतं. म्हणून पहिला खर्डा आता वर्गातच, पेनाने लिहून घेते. गेल्या महिन्यात काही मुलांना सार्वजनिक वाचनालयात घेऊन गेले. १८४० सालापासून ही संस्था नाशकात आहे, आणि रोज त्या बाजूने जाणाऱ्या मुलांनी आत पाऊल टाकलेलं नव्हतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, तासिका तत्त्वावरच आहे. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही, आणि तेही महिनोन्‌महिने उशिरा मिळतात. शंभर वह्या दोनदा-तीनदा वाचायला जो वेळ जातो, तो कुठल्याच बिलात बसत नाही. हे बरोबर नाही, आणि त्याविरुद्ध आम्ही सगळे मिळून निवेदनं देत आहोत. प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा पास झालेली आहे, जाहिरात आली की अर्ज करतेच. तोवर मुद्रितशोधनाची कामं घेते, त्यात भाडं निघतं. पण तलाठीचा फॉर्म मी भरणार नाही, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल हे माहीत असूनही स्पष्ट लिहिते. मला हे काम येतं, आणि ते कुणीतरी नीट करायला हवं.

एक मागणं आहे. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला मुलांचं भित्तिपत्रक लावणार आहोत, विषय ‘काम’. बाबा, तुम्ही एक पान लिहून पाठवा. एसटीत कंडक्टर असताना मुक्कामाच्या गाडीवर रात्री तिकिटांचा ट्रे आणि वेबिल जुळवायचात, ते. किती वाजायचे, उजेड कशाचा असायचा, दोन रुपये कमी भरले तर काय करायचात, सगळं. भाषा घरची असू द्या. आई, तू शेजारी बस आणि त्यांच्याकडून राहून गेलेलं विचार. तुला त्यातलं पुष्कळ माहीत आहे.

दिवाळीला धनतेरसच्या आदल्या दिवशी निघते. गुडघ्याचं तेल आणि बाबांचा नवा चष्मा घेऊन येते. आई, तोवर जिना चढून गच्चीवर वाळवण घालू नकोस.

तुमची लेक