मार्विन गे एकटा नव्हता हो

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन गायक मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाण्यावरचा लेख वाचला. मस्त लिहिलाय, मार्विन गेचा भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या युद्धात होता वगैरे सगळं बरोबर आलंय, पण वाचून असं वाटतं की मार्विन एकटाच स्टुडिओत गेला आणि गाणं घेऊन बाहेर आला. मी पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवलाय, गणपतीत, लग्नात, त्यामुळे जरा जास्तच टोचलं म्हणून हे पत्र.

मुळात गाणं सुचलं फोर टॉप्स या गायकांच्या ग्रुपमधल्या ओबी बेन्सनला. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत पीपल्स पार्क नावाच्या बागेवरून आंदोलन चाललं होतं तेव्हा पोलीस पोरांना कसे झोडपतायत ते त्याने बघितलं, हादरला, पण त्याच्याच ग्रुपला निषेधाचं गाणं नको होतं. मग ते मार्विनकडे आलं.

आणि वाजवलं कुणी? फंक ब्रदर्सनी! डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचे हे पगारी वादक, स्टुडिओ म्हणजे एका घरातली खोली, तिला हे लोक स्नेकपिट म्हणायचे. १ जून १९७० ला रेकॉर्डिंग. सुरुवातीला जो सॅक्सोफोन ऐकू येतो ना, तो इलाय फाँटेन रेकॉर्डिंगआधी हात बसवायला नुसता वाजवून बघत होता, टेप चालू होती, मार्विनला तेच आवडलं आणि तेच ठेवलं. बेसवाला जेम्स जेमरसन बाहेर एका क्लबात वाजवत होता, तिथून त्याला उचलून आणला, तर इतकी प्यायलेला की स्टुलावर बसवेना, म्हणून जमिनीवर आडवं पडून वाजवलं. असं सांगतात. तो बेस एकदा हेडफोन लावून ऐका. आणि जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, त्या बोटाला ‘हूक’ म्हणायचे. मी पण हौसेने एका बोटाने करून बघितलं, दुसऱ्या कडव्यापर्यंत बोटाला फोड आणि तालाची पार वाट, बायको म्हणाली बंद करा ते.

आता मुद्दा. साठच्या दशकात मोटाऊनच्या बहुतेक सगळ्या हिट गाण्यांवर हीच मंडळी, पण कव्हरवर नावं नसायची. १९७१ मध्ये या गाण्याचा अल्बम आला तेव्हा कुठे मोटाऊनने पहिल्यांदा त्यांची नावं छापली, आणि जेमरसनच्या नावामागे ‘अतुलनीय’ असं विशेषण लावलं. मालक बेरी गॉर्डीला तर गाणंच पसंत नव्हतं, पुढे ते अमेरिकेत आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत एक नंबरला गेलं तो भाग वेगळा. जेमरसन १९८३ मध्ये गेला, फक्त ४७ वर्षांचा, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत त्याला घेतलं २००० साली.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा, कॅसेटच्या कागदावर गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं, ढोलकी कुणाची ते आम्ही एकमेकांना विचारत बसायचो.

तर एक विनंती, पुढच्या वेळी गाण्यावर लेख आला की वाजवणाऱ्यांची नावं पण टाका. जागा कमी पडत असेल तर शेजारची जाहिरात दोन बोटं लहान करा.

आपला,
एक जुना बेसवाला, सांगली