बाई, तुमच्या तीन पेन्सिलींसाठी

सोलापूर

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

कथा लिहिणाऱ्याला चुका दाखवणारे पुष्कळ भेटतात. त्याला काय जमतंय हे पुराव्यानिशी दाखवणारं माणूस क्वचित भेटतं. दर रविवारी तुमच्याकडे कथा वाचायला जमणाऱ्या आम्हाला तुम्ही ते दाखवलंत, म्हणून हे जाहीर आभाराचं पत्र. तुमची पद्धतही इथे लिहून ठेवतो, म्हणजे आणखी कुणाच्या उपयोगी पडेल.

आपल्या शेवटच्या पाच कथा घ्यायच्या. संवादाखाली लाल रेघ, वर्णनाखाली निळी, मनातल्या विचारांखाली हिरवी. आता जो रंग जास्त तेच आपलं बळ, असं धरून बहुतेक जण इथेच फसतात. जास्त लिहिलं जातं ते कित्येकदा नुसतं सवयीनं. म्हणून कथा तीन वाचकांना एकदाच वाचायला द्यायची आणि आठ दिवसांनी, कागद समोर न ठेवता, काय आठवतंय ते विचारायचं. तिघांनी सांगितलेल्या जागा कुठल्या रंगात पडतात ते पाहायचं. घरच्यांना विचारू नये. त्यांना कथेत आपणच दिसतो.

ज्यांचा रंग लाल निघाला, त्यांच्यावर तुम्ही सर्वांत जास्त मेहनत घेतलीत. तीनशे शब्दांचा प्रसंग, नुसता संवादाचा, 'तो म्हणाला' एकदाही नाही. कोण बोलतंय हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. संवाद चांगला लिहिणारा हमखास एक चूक करतो: सगळी माहिती पात्रांच्या तोंडी घालतो. "तुला माहीतच आहे, मिल बंद पडल्यापासून अण्णा घरीच असतात." माहीतच आहे, तर सांगतोय कशाला? तुम्ही ते वाक्य खोडून समासात लिहिलंत, "अण्णांना जेवायला बसवा." मग अण्णा पूर्वी भोंगा वाजायचा त्या वेळेलाच ताटावर बसतात, सून "अजून भाकरी व्हायचीय" म्हणते, आणि मिलचं नावही न घेता सगळं कळतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांबद्दल तुम्ही बजावलेलं तर प्रत्येक सोलापुरी लेखकानं वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. घरात तेलुगू आणि रस्त्यावर मराठी बोलणाऱ्या माणसाचं मराठी मोडकंतोडकं लिहून हसू आणू नये. अक्का, अम्मा अशी हाक ठेवावी, वाक्याचा क्रम थोडा त्यांचा ठेवावा, बस्स. पात्र कुठल्या क्षणी मराठी सोडून घरच्या भाषेत शिरतं, हे नेमकं पकडावं. बहुधा रागात, नाहीतर हिशेब करताना.

वर्णनवाल्यांना तुमचा नियम एकच: तीन तपशील लिहा, दोन काढा. राहणारा तपशील त्या पात्रालाच दिसेल असा हवा. विडी वळणारी बाई नव्या खोलीत शिरली तर भिंतीचा रंग आधी पाहणार नाही. मांडीवर सूप घेऊन बसायला उजेडाची जागा कुठे आहे, तिकडे तिची नजर जाईल. हा नियम सोपा वाटतो, पण काढलेले दोन तपशीलच बहुतेक वेळा लेखकाचे लाडके असतात आणि हात थबकतो. तुम्ही ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायला सांगितलंत, त्यामुळे कात्री लावणं सोसवतं.

हिरव्या रंगाचं थोडक्यात: सलग चार ओळींपेक्षा जास्त विचार आला की पात्राच्या हाताला काम द्यायचं. मागासाठी सुताची कांडी भरणं, शेंगा सोलणं, काहीही.

आणि एक, बाई. उणी बाजू सुधारायला तुम्ही नाही म्हटलं नाहीत, फक्त तिला दहातला एकच दिवस दिलात. उरलेले नऊ दिवस जे जमतंय तेच आणखी अवघड करून लिहायचं: दोघांच्या संवादात तिसरा माणूस आणायचा, मग त्या तिघांतल्या एकाला गप्प बसवायचं. या एका सरावासाठी तुमचे आभार किती मानावेत!

येत्या रविवारी नव्या कथा आणतोय. लाल पेन्सिल झिजून बोटभर उरली आहे, नवी आम्ही आणू.

आपले कृतज्ञ,
रविवारी कथा वाचायला जमणारे आम्ही सगळे