टोकियोतील एका मराठी ताईंस आभार पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी टोकियोच्या युमेनोशिमा उद्यानातील संग्रहालयात ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही लाकडी मासेमारी बोट पाहायला मी आलो होतो. काही ओळख नसताना, केवळ माझे मराठी कानी पडले म्हणून आपण थांबलात आणि तेथील वयोवृद्ध मार्गदर्शकांचे बोलणे अख्खी दुपार मला मराठीत सांगत राहिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिचा स्फोट अंदाजाच्या दुपटीहून मोठा, १५ मेगाटनांचा झाला, आणि जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर असूनही या बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली, एवढे मला ठाऊक होते. मात्र पश्चिमेचे आकाश उजळलेले पाहूनही ते तत्काळ पळाले का नाहीत, हा प्रश्न ३२ वर्षे जहाजांवर खलाशी म्हणून काढलेल्या मला सतावत होता, आणि तो आपण जसाच्या तसा त्या मार्गदर्शकांपुढे मांडलात. त्यांनी सांगितले, की कुपा धरण्यासाठी समुद्रात सोडलेली गळांची लांबच लांब दोरी बोटीवरचे लोक ओढून घेत होते, आणि त्या कामाला कित्येक तास लागले; पांढरी राख अंगावर, केसांत, डोळ्यांत जात असतानाही त्यांचे हात दोरीवरच होते. हे ऐकल्यावर मला पुढे काही विचारावेसे वाटले नाही, कारण त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

त्या राखेसाठीच्या ‘शि नो हाइ’ या जपानी शब्दांशी आपण अडखळलात, तो क्षण मी विसरणार नाही. आधी आपण ‘मृत्यूचे भस्म’ म्हणालात, मग भस्म आपण कपाळाला लावतो म्हणून तो शब्द मागे घेतलात आणि ‘मरणाची राख’ असे म्हणालात. बोटीचे रेडिओ ऑपरेटर कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला गेले. याच बोटीवरचे, तेव्हा विशीत असलेले ओइशी माताशिची पुढे टोकियोत लाँड्री चालवत अनेक वर्षे गप्प राहिले आणि उतारवयाकडे झुकताना शाळकरी मुलांपुढे बोलू लागले. त्यांच्या आठवणी आपण मला वाक्यावाक्याने उलगडून सांगितल्या.

आपण लिहून दिलेली ती पाने मी हर्णैला परतल्यावर आमच्या बंदरावर वाचून दाखवली. सारे ऐकून झाल्यावर एका म्हाताऱ्या तांडेलांनी विचारले, “आणि त्या मासळीचे काय झाले?” संग्रहालय बंद होता होता आपण मला बाहेरच्या त्या दगडापाशी नेले होते, म्हणूनच मी सांगू शकलो, की ती मासळी टोकियोतल्या त्सुकिजीच्या मासळी बाजारात पुरली गेली, आणि तिच्या स्मरणार्थ ओइशींनी मुलांकडून दहा-दहा येन गोळा करून तो दगड उभारला.

आपला ऋणी,
हर्णैचा एक निवृत्त खलाशी