कोयत्याचा तुकडा मिलपर्यंत पोचलाच कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साखर कारखान्याचं गाळप बंद पडल्याची कालची बातमी वाचली. उसाबरोबर कोयत्याचा तुकडा गव्हाणीत (ऊस आत नेणाऱ्या कॅरियरमध्ये) आला, पहिल्या मिलमध्ये (रस पिळणाऱ्या रोलरांच्या संचात) गेला, रोलरचे दात तुटले आणि आता नुकसानीची वसुली संबंधित टोळीच्या मुकादमाकडून होणार, असं तुम्ही छापलं आहे. शीर्षकात तर निकालच देऊन टाकला आहे. बातमीत अधिकाऱ्यांची बाजू आहे, संचालकांची आहे. पण फायबरायझर (उसाचा चोथा करणारं यंत्र) आणि मिल यांच्यामध्ये बेल्टवर जे विजेचं चुंबक टांगलेलं असतं, त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. म्हणून हे पत्र.

कोयत्याचं पातं कार्बन पोलादाचं असतं. पातळ, चपटं, लांबट. चुंबकाने उचलायला याहून सोपी वस्तू सापडणार नाही. त्याच वजनाचा गोळा किंवा जाड नट उचलणं चुंबकाला कितीतरी जड जातं, कारण लांबट तुकड्यात चुंबकत्व चटकन भिनतं आणि तो टोकाकडून ओढला जातो. तेव्हा मिलमध्ये खरोखरच कोयत्याचा तुकडा निघाला असेल, तर तो मजुराविरुद्धचा पुरावा नाही. त्या वेळी चुंबक काम करत नव्हतं, याचा तो पुरावा आहे. अधिकाऱ्यांनी तुमच्या वार्ताहराच्या हातात हाच तुकडा दिला आणि त्याने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही, याचं फार वाईट वाटलं.

बातमीसोबतचा फोटो तुम्ही स्वतः पुन्हा एकदा पाहावा ही विनंती. पदाधिकारी बेल्टशेजारी उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यामागे एक चौकोनी पेटी लटकते आहे. तेच ते चुंबक. तळाला वीतभर लोंबणारा झुबका स्पष्ट दिसतो: बांधणीची तार, बोल्ट, पट्टीचे तुकडे आणि त्यात गुंतलेला उसाचा भुसा. इतकं लोखंड एका पाळीत जमत नाही. ते कित्येक पाळ्यांत कोणी काढलेलंच नाही. अशा चुंबकाचं पुढे काय होतं ते सांगतो. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. तळाला लोखंडाचा थर साचला की बरंचसं क्षेत्र त्या थरातूनच फिरून परत जातं आणि बेल्टवरच्या नव्या तुकड्यापर्यंत पुरेशी ओढ पोचत नाही. झुबका खाली लोंबला की चोथ्याचा उंच थर त्याला घासत जातो आणि आधी पकडलेले तुकडे खरवडून परत खाली पाडतो. म्हणजे शेतातून काल आलेलं लोखंड आज मिलमध्ये जातं, आणि दोष येतो आजच्या गाडीवर.

हाताने साफ करायचं चुंबक असेल तर पद्धत ठरलेली आहे. बेल्ट थांबवायचा, चुंबक ट्रॉलीवरून बेल्टच्या बाहेर सरकवायचं, मग वीजपुरवठा तोडायचा, लोखंड खालच्या पेटीत पाडायचं, पुन्हा जागेवर आणून आधी वीज द्यायची आणि त्यानंतरच बेल्ट चालू करायचा. क्रम चुकला आणि चुंबक बेल्टवर असतानाच वीज गेली, तर जमलेलं सगळं लोखंड एकदम खाली पडतं. वीज अचानक गेली तरी हेच होतं. वीज बनवणारा टर्बाइन ट्रिप झाला (बंद पडला), कारखाना अंधारात गेला, बेल्ट गतीत असल्यामुळे आणखी दोन-तीन मीटर सरकत राहिला, आणि त्याच क्षणी चुंबकाने आपला सगळा साठा चोथ्यावर सोडला. वीज परत आल्यावर बेल्ट न तपासता चालू केला की तो साठा सरळ डोनेली शूटमध्ये, म्हणजे मिलच्या तोंडावरच्या उभ्या नळात. त्या रात्री वीज गेली होती का, हे तुमच्या बातमीत नाही. पॉवर हाऊसच्या लॉगबुकात ते मिनिटासकट असतं.

म्हणून चुंबकाचा करंट आणि बेल्टची मोटर यांचं इंटरलॉक असावं लागतं. करंट ठरलेल्या पातळीखाली गेला की बेल्ट थांबला पाहिजे. नुसता पॅनेलवरचा लाल दिवा पाहून चालत नाही. दिवा एसी बाजूला असतो. एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरचे निम्मे डायोड उडाले तरी तो पेटतच राहतो आणि कॉइलला मिळणारा डीसी अर्ध्यावर आलेला असतो. शिवाय कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो. २० अंशांवरून १०० अंशांवर गेली तर रोध सुमारे ३१ टक्के वाढतो, करंट जेमतेम पाऊणपट उरतो आणि ओढ त्याहूनही जास्त घटते. चुंबकाची चाचणी सकाळी थंड असताना घेऊन 'ठीक आहे' असा शेरा मारणं म्हणूनच निरुपयोगी. चार-पाच तास चालल्यावर, गरम अवस्थेत, दर पाळीला करंट नोंदवला पाहिजे. तेलाने थंड होणारं चुंबक असेल तर तेलाची पातळी पाहिली पाहिजे, आणि बंद हंगामात कॉइलचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या उपकरणाने) तपासलं पाहिजे. भोसरीत कॉइल गुंडाळून देणारे भरपूर आहेत. हंगामाआधी नादुरुस्त कॉइल बदलून घेणं अवघड नाही.

चुंबकाची जागा हाही मोठा प्रश्न आहे. गव्हाणीत अख्ख्या उसाचा थर मीटरभर किंवा त्याहून जाड असतो आणि खाली पोलादी स्लॅट असतात. तिथे वरून टांगलेलं चुंबक तळाचं काही उचलू शकत नाही. ते फायबरायझरनंतरच्या रबरी बेल्टवर हवं. बेल्टचा वेग वाढवून चोथ्याचा थर पातळ केलेला असावा. शक्य असेल तर चुंबक बेल्टच्या पुढच्या टोकाला, चोथा पुलीवरून सुटून हवेत मोकळा होतो तिथे बसवावं. मग ती पुली आणि आसपासच्या शूटच्या प्लेटा स्टेनलेसच्या हव्यात. नाहीतर त्याच चुंबकित होऊन लोखंड धरून ठेवतात.

आता मेटल डिटेक्टरबद्दल. स्टेनलेस ३०४, मँगनीज स्टील, पितळ, तांबं यांपैकी काहीच चुंबक धरत नाही. शूटचे स्टेनलेस बोल्ट सुटतात, बुशिंगचे तुकडे पडतात, फायबरायझरच्या हॅमरच्या टोकावर चढवलेल्या कडक वेल्डिंगचे काही प्रकारही चुंबकाला नीट दाद देत नाहीत. त्यासाठी चुंबकानंतर, त्याच्या क्षेत्रापासून पुरेसं लांब, बेल्टभोवती मेटल डिटेक्टरची चौकट हवी. ती कोणताही धातू ओळखते, पण स्वतः काही काढत नाही. बेल्ट थांबवायचा आणि माणसाने तुकडा शोधायचा. इथे दोन गोष्टी नेहमी चुकतात.

पहिली, अंतर. बेल्टचा वेग सेकंदाला १.२५ मीटर धरा. सिग्नल, रिले, कॉन्टॅक्टर यांत अर्धा सेकंद गेला आणि पूर्ण थांबायला ४ सेकंद लागले, तर तुकडा तीन मीटरहून थोडा जास्तच पुढे जातो. भरलेला बेल्ट, ओले रोलर, झिजलेला ब्रेक धरून डिटेक्टर शूटच्या किमान पाच-सहा मीटर अलीकडे हवा. दोन मीटरवर बसवलेला डिटेक्टर मिल खराब झाल्याची वर्दी तेवढी देतो.

दुसरी चूक जास्त घातक. डिटेक्टर खोटे ट्रिप देतो, म्हणजे धातू नसताना बेल्ट थांबवतो, म्हणून त्याची वायर पॅनेलमध्ये शॉर्ट करून ठेवली जाते. पुणे जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात अशी जोडलेली पिवळी वायर पूर्ण हंगाम तशीच होती आणि बाहेर डिटेक्टरचा हिरवा दिवा चालू होता. खोट्या ट्रिपला कारण असतं आणि ते सापडतं. बेल्टची पूर्ण फेरी ४० मीटर, वेग सेकंदाला १.२५ मीटर, आणि ट्रिप बरोबर दर ३२ सेकंदांनी येत असेल, तर दोष बेल्टच्या जोडातल्या धातूच्या क्लिपांचा आहे. त्या काढून जोड व्हल्कनाइझ करून (रबर तापवून एकजीव करून) घ्यावा. ट्रिप अवेळी येत असेल तर डिटेक्टरजवळच्या फ्रेमचे बोल्ट पाहावेत. ढिला सांधा हलताना विजेचं वेटोळं जोडतो-तोडतो आणि डिटेक्टरला तो धातू वाटतो. शेजारून व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राची) केबल गेली असेल किंवा जवळच वेल्डिंग चालू असेल तरीही हेच होतं. ओल्या, रसाळ चोथ्याचाही थोडा सिग्नल येतो. तो लक्षात घेऊनच संवेदनशीलता लावायची. आणि ट्रिपच्या जागी खूण टाकणारा मार्कर बसवायलाच हवा. खूण नसली की ऑपरेटर चोथा चाळतो, काही सापडत नाही, रीसेट दाबतो. तिसऱ्या वेळी तो वायर शॉर्ट करतो. त्याला मी दोष देत नाही. मार्करची मागणी नामंजूर करणाऱ्याला देतो.

दर पाळीला एक सोपी चाचणी होऊ शकते. एक बोल्ट, एक स्टेनलेस नट, दोन्हींना रंगीत नायलॉन दोरी बांधायची आणि चोथ्याच्या थरात अगदी तळाशी ठेवून बेल्टवरून सोडायचे. बोल्ट चुंबकाने उचलला पाहिजे, नटावर डिटेक्टरने बेल्ट थांबवला पाहिजे. वरून ठेवून घेतलेली चाचणी चुंबकाला सोपी जाते, तिला अर्थ नाही. डिटेक्टर चौकटीच्या मधोमध सर्वात कमी संवेदनशील असतो, म्हणून नट एकदा मध्यभागीही सोडून पाहावा.

आणि लोखंड फक्त शेतातून येतं हा समज काढून टाका. कॅरियरच्या स्लॅटचे बोल्ट, चेनच्या पिना, फायबरायझरच्या हॅमरची टोकं, दुरुस्तीनंतर विसरलेले पाने, वेल्डिंग रॉडची थोटकं, हे सगळं कारखान्याचं स्वतःचं. एका मिलच्या रोलरचा दात तुटला की तो रोलर खरवडणारा स्क्रेपर मोडतो आणि स्क्रेपरचा तुकडा दोन मिलमधल्या इंटरकॅरियरवरून पुढच्या मिलमध्ये जातो, जिथे वर चुंबक नसतं. दात गेलेल्या रोलरवर रस नीट निथळत नाही, बगॅस (रस काढलेला चोथा, बॉयलरचं जळण) ओला जातो, वाफ कमी पडते. रोलरच्या शेलला (बाहेरच्या कवचाला) तडा गेला तर मिल उघडून रोलरच काढावा लागतो. रोजची ५,००० टन क्षमता असलेला कारखाना तासाला सुमारे २०८ टन ऊस गाळतो. आठ तास बंद म्हणजे दहा टनांच्या १६० हून अधिक खेपा यार्डात उभ्या, आणि तोडलेला ऊस उन्हात वजन व साखर दोन्ही घालवत असतो. ते नुकसान शेतकऱ्याचं. त्यावर मजुराच्या उचलीतून वसुली करायची, हा सरळ अन्याय आहे.

वसुलीची नोटीस निघण्याआधी तुमच्या वार्ताहराने चार कागद मागावेत: चुंबकाच्या करंटची पाळीवार नोंद, साफसफाईचं रजिस्टर, डिटेक्टरच्या ट्रिपची नोंद आणि त्या रात्रीचं पॉवर हाऊसचं लॉगबुक. ते दाखवत नसतील तर तेही छापा. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि शिवाजीनगरचं साखर संकुल (साखर आयुक्तांचं कार्यालय) तुमच्या कार्यालयापासून लांब नाहीत. तांत्रिक मत एका फोनवर मिळालं असतं.

जाता जाता आणखी एक. ट्रॅक्टर-ट्रॉलीची हुकपिन हरवली की तिच्या जागी सळईचा तुकडा घालतात. तो यार्डात गाडी रिकामी होताना गळून उसात जातो. तीच ट्रॉली रात्री सोलापूर रस्त्यावर, मागे रिफ्लेक्टर नाही, लाल दिवा नाही, अशी भरून चाललेली असते. लोणीपासून यवतपर्यंत रोज दिसते. वजनकाट्यावर गाडी थांबतेच. तिथे पिन, साखळी आणि रिफ्लेक्टर पाहिल्याशिवाय पावती देऊ नये, असा आदेश काढण्याबद्दल साखर आयुक्तांना तुम्ही जाहीरपणे विचारावं.

आपला,
मिल हाऊसमधला एक जुना अभियंता
हडपसर, पुणे