पाच सायकली कशाला?

आमर्सफोर्ट, नेदरलँड्स

तीर्थरूप दादा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही मजेत आहोत. थंडी आहे, पण घरात हीटर आहे. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी आठवड्यातून दोनदा तरी होते. त्यामुळे आईने काळजी करू नये.

मागच्या रविवारी व्हिडिओवर सायकलींची शेड दाखवली आणि एकूण पाच आहेत म्हणालो, तेव्हापासून तुमचे दोन निरोप आले. आईचा : लेकराला चारचाकी घ्यायला पैसे पुरत नाहीत का? दादांचा : एका घरात पाच सायकली, हा काय माज? आधी तुम्ही दोघं आपसात ठरवा, मी गरीब झालोय की माजलोय. फोनवर सांगायला गेलं की दादा ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितोय.

घर इथं आमर्सफोर्टला, ऑफिस उत्रेख्तला. मध्ये रेल्वे. घरापासून स्टेशनला जायला एक सायकल. तिकडं उतरल्यावर ऑफिसला जायला दुसरी, ती तिकडेच मुक्कामाला असते. गर्दीच्या वेळी साधी सायकल गाडीत चढवू देत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांना एकेक. उत्रेख्त स्टेशनाखाली सायकलींसाठी तीन मजली तळ आहे, 12,500 सायकली मावतात. आत सायकल चालवतच जायचं, पहिले 24 तास फुकट. लातूरच्या गंजगोलाईत बाजाराच्या दिवशी मोटारसायकली लागतात तशा ओळी, फक्त हॉर्न नाही. एकदा कोणत्या मजल्यावर लावली तेच विसरलो आणि अर्धा तास फिरलो.

दादा, आता खरी गंमत. स्टेशनची सायकल मुद्दाम भिकार ठेवायची. गंजलेली, सीट फाटलेली, करकरणारी. इथले लोक हे अगदी गंभीरपणे सांगतात. कारण चोर. कुलपं दोन लावायची : एक मागच्या चाकालाच बसवलेलं असतं, दुसरी जाड साखळी, ती खांबाला. माझी साखळी सायकलीपेक्षा महाग आहे. चोरानं शेजारची न्यावी एवढीच अपेक्षा. चांगली सायकल घरात, फाटकी गावात. आपल्याकडं लग्नाला नवं धोतर आणि वावरात जुनं, तसंच समजा. स्टेशनच्या सायकलीच्या हँडलला ब्रेक नाही, पायडल उलटं मारलं की थांबते. पहिल्या आठवड्यात मी ब्रेक शोधत कुंपणात गेलो होतो, ते आईला सांगितलं नव्हतं. आता सांगतोय, कारण खरचटलेलं केव्हाच बरं झालं.

इथं माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, दोन कोटींच्या वर. ऑफिसातले साहेब पावसात सूट घालून सायकलवर येतात आणि त्यांना कुणी गरीब म्हणत नाही. थोरल्या काकांना हे जरूर वाचून दाखवा.

तिसरी तुमच्या सुनेची, चौथी नातीची, एवढीशी. पाचवी पुढं लाकडी खोकं असलेली, बॅटरीवर चालणारी. त्यात नात बसते, पायाशी बटाटे-कांदे. ती सेकंडहँड घेतलीय, हप्त्यावर. किती पडली ते विचारू नका. तुम्ही बोअरचं बोलला होतात त्याच महिन्यात घेतली, माझ्या लक्षात आहे. पण पाळणाघर लांब, आणि तुमच्या सुनेला समोरचा वारा झेपत नव्हता.

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आपल्या वस्तीला मात्र तुमच्या सायकलनंच आलं. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना घागरी, मधल्या दांडीला कॅन, आणि तुम्ही हँडल धरून चालत. चढाला मी मागून ढकलायचो. परवा ते खोकं पुसताना मनात आलं, यात सहा घागरी बसल्या असत्या.

असो. बोअरचे पैसे 5 तारखेला पाठवतोय, निम्मे. उरलेले पुढच्या महिन्यात. सोयाबीन या भावात विकू नका, घरात ठेवा, तोवर खर्चाला मी आहे.

छोटीच्या स्थळाचं वाचलं. मुलगा चांगला आहे, मला पसंत. पण ‘मानपान’ म्हणून चारचाकी मागतात, ती मी देणार नाही. पैसे नाहीत म्हणून नाही. हुंडाच तो, नाव बदलून. दादा, ‘तू म्हणशील तसं’ असं लिहून तुम्ही माझ्यावर सोडलंत, तर मी हेच म्हणतोय. स्थळ मोडलं तर छोटी माझ्यावर रागावेल. तिच्याशी मी स्वतः बोलतो, तुम्ही मध्ये पडू नका. जमलंच तर टिळ्याला मला येता येणार नाही, रजा बाराच दिवस आहे. हळदीच्या आदल्या दिवशी पोचतो.

दादा, गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? आई, तूच सांग, हे खोटं बोलतात.

तुमचा,
बाळू

ता. क. : तुमची सायकल गोठ्यात आहे ना अजून? भंगारवाल्याला देऊ नका. मी आल्यावर चेन बदलून देतो.