दुधारी रेझरला दाब नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्ट्रिजच्या (रेझरला लावायच्या, अनेक पात्यांच्या तयार डोक्याच्या) किमतीला कंटाळून दुधारी पात्याच्या रेझरकडे वळणाऱ्या आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील वाचकांसाठी हे पत्र. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली ज्याचे पेटंट मिळाले, त्या यंत्राचे तत्त्व फारसे बदललेले नाही. मात्र सगळे रेझर सारखे नसतात. ज्यांत धार अधिक बाहेर असते आणि पाते व संरक्षक पट्टी यांतील फट मोठी असते, ते आक्रमक रेझर राठ, दाट दाढीला उत्तम; पण कार्ट्रिजची सवय असलेला हात त्यांवर नकळत दाब देतो आणि गाल सोलवटतो. अशा वेळी दोष रेझरला देऊन तो फडताळात टाकणे मला घाईचे वाटते. कोमट पाण्याने केस मऊ करून, त्वचा ताणून, सुमारे ३० अंशांचा कोन राखून, केसांच्या दिशेनेच आखूड हात फिरवावा. दाब रेझरच्या वजनाचाच पुरे. केसांच्या उलट दिशेने दाढी सुरुवातीचे काही आठवडे टाळावी. दाढी झाल्यावर ओल्या गालावर तुरटी फिरवली की बारीक रक्त थांबते. वापरलेली पाती मात्र उघडी कचऱ्यात न टाकता पत्र्याच्या डबीत बंद करावीत, कारण ती सफाई कामगारांच्या हातांना कापतात.

आपला,
एक वाचक, खानापूर